मित्रराष्ट्रांच्या गोपनीय व्यवहारातील संदिग्ध शब्द आणि त्यांचा खुलासा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैत्री असलेल्या सरकारांना एकमेकांच्या शब्दांचा खुलासा मागण्याची वेळ मुळात का येते?

प्रतिस्पर्धी राष्ट्राशी करार करताना प्रत्येक शब्द पारखून घेतला जातो, कारण समोरचा पळवाट शोधणार हे गृहीतच असते. मित्रराष्ट्राशी बोलताना तशी पारख करणे अविश्वासाचे लक्षण वाटते, आणि संकोचापोटी जे विचारायचे राहून जाते तेच पुढे वादाचे मूळ ठरते. व्यवहार गोपनीय असला की त्यात आणखी एका अडचणीची भर पडते. जाहीर कराराची संसदेत चर्चा होते, वृत्तपत्रे त्याची चिरफाड करतात, कायदेपंडित त्यातील उणिवा दाखवून देतात. गोपनीय मजकूर मात्र मोजक्या माणसांच्या नजरेखालून जातो, आणि ‘आपल्याला काय म्हणायचे होते’ हे त्या सर्वांना ठाऊक असल्यामुळे कागदावर प्रत्यक्षात काय उतरले आहे याकडे त्यांचे लक्ष जात नाही. पुढे त्यांच्या बदल्या होतात, ते निवृत्त होतात किंवा निवडणूक हरतात, आणि नव्या अधिकाऱ्याच्या हाती नुसता कागद उरतो.

संदिग्धता चुकून राहते की मुद्दाम ठेवली जाते?

दोन्ही प्रकार घडतात, कधी कधी तर एकाच मसुद्यात. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या शिखर परिषदेत पोलंडच्या सरकारविषयी जे सूत्र ठरले, ते वाचून अ‍ॅडमिरल विल्यम लेही या सल्लागारांनी अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्ट यांना सांगितले, की हा मजकूर इतका लवचीक आहे की रशियनांना तो तांत्रिकदृष्ट्या न मोडता याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणता येईल. रूझवेल्ट यांनी ते मान्य केले. पोलंडसाठी या घडीला यापेक्षा अधिक करणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही समजून उमजून पत्करलेली संदिग्धता होती.

त्याच मजकुरात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह आणि मॉस्कोतील अमेरिकी व ब्रिटिश राजदूत हॅरिमन आणि क्लार्क कर या तिघांच्या समितीने सोव्हिएत पाठिंब्यावरील विद्यमान हंगामी सरकारचे सदस्य आणि इतर पोलिश लोकशाहीवादी नेते यांच्याशी ‘सर्वप्रथम मॉस्को येथे’ विचारविनिमय करावा, असे एक वाक्य होते. मोलोटोव्ह यांनी त्याचा अर्थ असा लावला, की सर्वप्रथम विद्यमान सरकारशीच बोलायचे आणि इतरांचा विचार त्यानंतर करायचा. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या मते ‘सर्वप्रथम’चा संबंध स्थळाशी होता, म्हणजे सुरुवातीच्या बैठका मॉस्कोत होतील एवढेच त्यातून निघत होते. एका क्रियाविशेषणाने समितीचे काम कित्येक आठवडे अडवून धरले. अर्थात मतभेद केवळ व्याकरणाचा नव्हता. पण व्याकरणाने तो लढवण्यासाठी सोयीची जागा उपलब्ध करून दिली.

या दोहोंखेरीज एक तिसरा प्रकार आहे आणि माझ्या मते खरा धोका त्यातच असतो. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली संदिग्धता सांभाळता येते; दोघांनाही ठाऊक नसलेली संदिग्धता उघड झाल्यावर बहुधा सामंजस्याने मिटवता येते. एका बाजूला ठाऊक आहे आणि दुसरीला पत्ताच नाही, अशी जी संदिग्धता असते ती पुढे विश्वासघाताच्या आरोपापर्यंत जाऊन पोहोचते. खुलाशाची सारी यंत्रणा मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी आहे असे समजायला हरकत नाही.

एकाच शब्दाचे दोन अर्थ वर्षानुवर्षे शेजारी नांदल्याचे उदाहरण आहे का?

जपान आणि अमेरिका यांच्या १९६० च्या सुधारित सुरक्षा कराराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अमेरिकी सैन्याच्या साधनसामग्रीत मोठा बदल करायचा झाल्यास जपानशी पूर्वसल्लामसलत करावी लागेल, असे जाहीर पत्रव्यवहारात ठरले होते. जानेवारी १९६० च्या एका गोपनीय चर्चानोंदीत या बदलाचा अर्थ जपानमध्ये अण्वस्त्रे ‘आणणे’ असा नोंदवला गेला, आणि त्याच नोंदीत अमेरिकी युद्धनौकांच्या जपानी बंदरांतील प्रवेशाच्या चालू कार्यपद्धतीला या तरतुदीने बाध येणार नाही, असेही लिहिले गेले. मग बंदरात आलेल्या नौकेवर अण्वस्त्रे असतील तर ती ‘आणली’ असे म्हणायचे की नाही? अमेरिकेच्या लेखी ‘आणणे’ म्हणजे जमिनीवर उतरवून ठेवणे किंवा बसवणे. नौकेवरून येऊन जाणारी अस्त्रे त्यात मोडत नव्हती. जपानी सरकार संसदेत मात्र असे सांगत राहिले, की कोणत्याही मार्गाने अण्वस्त्रे आली तरी पूर्वसल्लामसलत लागेल, आणि ज्या अर्थी अमेरिकेने ती मागितलेली नाही त्या अर्थी अण्वस्त्रे आलेली नाहीत.

एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकी राजदूत एडविन राइशॉअर यांनी परराष्ट्रमंत्री मासायोशी ओहिरा यांची खासगी भेट घेऊन अमेरिकी अर्थ समजावून सांगितला आणि ओहिरा यांनी त्यावर आक्षेप घेतला नाही. खुलासा झाला, पण तो दोन माणसांमध्ये आणि तोंडी. जपानच्या जाहीर भूमिकेत त्यामुळे काहीही बदलले नाही. १९८१ मध्ये राइशॉअर यांनीच एका मुलाखतीत ही गोष्ट बोलून दाखवली तेव्हा जपानमध्ये गहजब झाला. पुढे २००९ मध्ये सत्तांतर झाल्यावर परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनी चौकशीचा आदेश दिला आणि मार्च २०१० मध्ये तज्ज्ञांच्या समितीने असा निष्कर्ष काढला, की दोन्ही सरकारांनी अर्थातील तफावत जाणूनही ती न मिटवण्याबाबत एक मूक समजूत राखली होती. या प्रकरणात संदिग्धता आरंभी कदाचित तिसऱ्या प्रकारची होती. १९६३ नंतर ती दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या, म्हणजे समजून उमजून पत्करलेल्या, प्रकारची झाली आणि तिचा भार परराष्ट्र खात्याच्या खांद्यांवरून जपानी नागरिकांच्या खांद्यांवर सरकला.

‘सल्लामसलत’, ‘संमती’ आणि ‘माहिती देणे’ यांत व्यवहारात खरोखर इतका फरक पडतो का?

आघाडीच्या राजकारणात सर्वाधिक कागद याच तीन शब्दांवर खर्ची पडले असतील. संमती म्हणजे नकाराधिकार. सल्लामसलत म्हणजे कृतीपूर्वी ऐकून घेण्याची हमी, मानण्याची नव्हे. माहिती देणे म्हणजे निर्णय झाल्यानंतरचा शिष्टाचार. १९४३ च्या क्वेबेक करारात अणुबाँबच्या तिसऱ्या पक्षावरील वापरासाठी ब्रिटन आणि अमेरिका यांनी परस्परांची संमती घ्यावी असे स्पष्ट कलम होते. डिसेंबर १९५० मध्ये, कोरियातील युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटली वॉशिंग्टनला गेले तेव्हा ते कलम संपुष्टात आले होते. खासगी बैठकीत अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना आश्वासन दिले, की ब्रिटनशी सल्लामसलत केल्याशिवाय आपण बाँबच्या वापराचा विचार करणार नाही. हे लेखी असावे का, असे अ‍ॅटली यांनी विचारले. माणसाचा शब्दच खोटा असेल तर तो लिहून काढल्याने खरा होत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले.

उत्तर बाणेदार होते, पण टिकले नाही. हे कळताच अमेरिकी सल्लागारांनी धाव घेतली, कारण अध्यक्षांच्या कायदेशीर अधिकारावर असे बंधन तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, रुचणार नव्हते. अखेर जाहीर निवेदनात, परिस्थितीत बदल घडवू शकतील अशा घडामोडींची ‘माहिती’ पंतप्रधानांना सदैव देत राहण्याची अध्यक्षांची ‘इच्छा’ आहे, एवढेच उरले. सल्लामसलतीची माहिती झाली आणि आश्वासनाची इच्छा झाली. ब्रिटिशांनी आपल्या दप्तरात मूळ संभाषणाची नोंद जपून ठेवली. अमेरिकी बाजूने तिला अधिकृत दस्तऐवजाचा दर्जा देण्याचे टाळले. जानेवारी १९५२ मध्ये चर्चिल यांच्या भेटीनंतर ब्रिटनमधील अमेरिकी हवाई तळांच्या आणीबाणीतील वापराबाबत ‘त्या वेळच्या परिस्थितीच्या प्रकाशात संयुक्त निर्णय’ असे सूत्र आले. ते ऐकायला भारदस्त आहे, परंतु दोघांचे एकमत झाले नाही तर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

खुलासा मागायचा तर कोणत्या स्वरूपात?

सर्वांत हलके स्वरूप म्हणजे राजदूताने किंवा त्याच्या उपप्रमुखाने परराष्ट्र खात्यातील संबंधित अधिकाऱ्याला तोंडी विचारणे आणि दोन्ही बाजूंनी आपापली टिपणे ठेवणे. त्याच्या वर नॉन-पेपर येतो, म्हणजे लेटरहेड, सही आणि तारीख नसलेला कागद. तो कोणालाही बांधील करत नाही आणि म्हणूनच कल्पना चाचपण्यासाठी उपयोगी पडतो. त्यानंतर भेटीत हाती दिले जाणारे स्मरणटिपण, मग औपचारिक राजनैतिक टिपणी, आणि शेवटी मंत्र्यांच्या सह्यांचा पत्रविनिमय. पायरी जितकी वरची तितके उत्तर भक्कम, पण तितकेच ते सावध आणि कंजूष. माझा कल असा, की प्रश्न खालच्या पायरीवर विचारावा आणि मिळालेले उत्तर वरच्या पायरीवर नोंदवून घ्यावे. याच्या उलट केले, म्हणजे प्रश्न थेट मंत्र्यांच्या पत्राने विचारला, तर समोरच्या सरकारचा कायदा विभाग जागा होतो आणि सर्वांत संकुचित अर्थ हाच अधिकृत अर्थ होऊन बसतो.

प्रश्नाचा मसुदा नेमका कसा असावा?

गोपनीय टिपणांत हमखास आढळणारे एक नमुन्याचे वाक्य घेऊ : ‘आवश्यकता भासल्यास उभय सरकारांमध्ये योग्य वेळी सल्लामसलत केली जाईल.’ आवश्यकता कोणाला भासायला हवी? वेळ योग्य आहे हे कोण ठरवणार? सल्लामसलत कृतीच्या आधी होणार की कृती सुरू झाल्यावर? ती मंत्र्यांमध्ये होणार की सेनाधिकाऱ्यांमध्ये? सल्ला प्रतिकूल मिळाला तर कृती थांबणार का? एका ओळीत पाच प्रश्न अनुत्तरित आहेत, आणि ‘केली जाईल’ या कर्मणी रचनेमुळे जबाबदारी घेणारा कर्ता वाक्यातून सफाईने गळला आहे.

आता या वाक्याचा अर्थ काय, असे विचारले तर ‘मजकूर पुरेसा स्पष्ट आहे’ असे उत्तर येईल आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी एखादी ठोस परिस्थिती मांडावी आणि आपली समजूत आधी सांगावी : ‘आमच्या भूमीवरील तळावरून आपली विमाने तिसऱ्या देशावरील मोहिमेसाठी निघणार असतील, तर ती निघण्यापूर्वी आमच्या संरक्षणमंत्र्यांचा होकार आवश्यक राहील असे आम्ही समजतो, आपलीही हीच समजूत आहे, याची कृपया पुष्टी करावी.’ अशा प्रश्नाला टोलवणे अवघड जाते, कारण नकार द्यायचा तर तो स्पष्टपणे द्यावा लागतो.

मात्र असा प्रश्न पाठवण्यापूर्वी सर्वांत वाईट उत्तर आले तर आपण काय करणार, हे आपल्या मंत्रिमंडळाने ठरवलेले असावे. प्रतिकूल उत्तर एकदा नोंदले गेले की पूर्वीच्या धूसर मजकुराचा आधार घेण्याची सोय राहत नाही.

तोंडी समजुतीच्या किंवा बैठकीच्या इतिवृत्ताला कायदेशीर वजन असते का?

शीर्षक काय आहे यावर ते अवलंबून नसते. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना आंतरराष्ट्रीय करारानुसार दस्तऐवजाला कोणतेही नाव दिलेले असले तरी तो करार ठरू शकतो; शिवाय कलम ३१ प्रमाणे अर्थ लावताना पक्षांमध्ये नंतर झालेली सहमती आणि नंतरची प्रत्यक्ष वागणूक विचारात घेतली जाते. म्हणजे खुलाशाचे पत्र मूळ मजकुराइतकेच मोलाचे ठरू शकते.

कतार आणि बहरीन यांच्या बेटे आणि सागरी सीमा यांविषयीच्या वादाने हे ठसठशीतपणे दाखवून दिले. डिसेंबर १९९० मध्ये दोहा येथे, सौदी अरेबियाच्या मध्यस्थीच्या पार्श्वभूमीवर, परराष्ट्रमंत्र्यांनी एका इतिवृत्तावर सह्या केल्या. आपण बंधनकारक करारावर सही करत आहोत असे आपल्याला कधीही वाटले नव्हते, असे बहरीनच्या मंत्र्यांनी नंतर सांगितले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १ जुलै १९९४ च्या निकालात ते इतिवृत्त बंधनकारक करार ठरवले. मंत्र्यांच्या मनात काय होते यापेक्षा त्यांनी कशावर सही केली हे महत्त्वाचे मानले गेले.

पण त्यातला खरा पेच पुढेच होता. ठरावीक मुदतीनंतर प्रकरण न्यायालयात नेण्याची मुभा इतिवृत्ताने ‘अत्-तरफान’ला, म्हणजे दोन पक्षांना, दिली होती. अरबीत हे द्विवचन आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत घोकले आहे त्यांना अडचण लगेच ध्यानात येईल : ‘दोघांनी’ म्हणजे दोघांनी मिळून, की दोघांपैकी प्रत्येकाने स्वतंत्रपणे? कतारने एकट्यानेच अर्ज दाखल केला होता. बहरीनने दाखवून दिले, की आधीच्या मसुद्यात ‘दोघांपैकी प्रत्येक पक्ष’ असे शब्द होते आणि ते आपल्या आग्रहावरून बदलले गेले. तरीही १५ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने १० विरुद्ध ५ मतांनी कतारचा अर्ज ग्राह्य ठरवला. बहरीनने शब्द बदलून घेतला. तो का बदलला, हे मात्र कुठेही लिहून घेतले नाही. ‘दोघांनी संयुक्तपणे’ असे दोन शब्द कागदावर असते तर हा वाद उद्भवलाच नसता.

खुलासा गोपनीय ठेवला आणि संसदेला वेगळे काही सांगितले तर?

नोव्हेंबर १९१२ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि फ्रेंच राजदूत पॉल कॅम्बाँ यांच्यात पत्रविनिमय झाला. दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांच्या गुप्त चर्चांमुळे कोणतेही सरकार युद्धात साहाय्य करण्यास बांधील होत नाही, हे स्पष्ट करण्यासाठी ब्रिटिश मंत्रिमंडळातील साशंक सदस्यांनीच त्याचा आग्रह धरला होता. कागदोपत्री खुलासा आदर्श होता. परंतु दरम्यान फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात केंद्रित झाले होते आणि फ्रान्सचा उत्तर किनारा व्यवहारात ब्रिटनच्या भरवशावर उरला होता. आरमाराची ही मांडणी कोणत्याही वचनावर आधारलेली नाही, असे पत्रात लिहिले असले तरी जहाजे उभी होती तिथेच होती.

३ ऑगस्ट १९१४ रोजी ग्रे यांनी ते पत्र हाउस ऑफ कॉमन्समध्ये वाचून दाखवले तेव्हा त्यातील शेवटचे वाक्य वगळले गेले. प्रत्यक्ष कृतीची वेळ आल्यास दोन्ही सेनामुख्यालयांच्या योजना तत्काळ विचारात घेतल्या जातील, असे ते वाक्य होते. वगळणे हेतुपूर्वक होते की अनवधानाने, यावर इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे. व्यवहारी अधिकाऱ्याने यातून एवढेच टिपून ठेवावे, की शब्दांचा खुलासा आणि लष्करी मांडणी परस्परविरोधी असतील तर मित्रराष्ट्र मांडणीवर विश्वास ठेवते.

अर्थावर एकमत होण्याची शक्यताच नसेल तर काय करावे?

अर्थ ठरवता येत नसेल तर तो कोण ठरवणार हे ठरवता येते. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत जर्मनीविषयीच्या अंतिम तोडग्याच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा पूर्व जर्मनीच्या भूमीवर परदेशी सैन्य ‘तैनात’ करण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीतील या एका शब्दावर अखेरच्या तासांपर्यंत घासाघीस चालू होती. शेवटी कराराला एक संमत टिपण जोडण्यात आले : ‘तैनात’ या शब्दाच्या वापराबाबतचे प्रश्न एकीकृत जर्मनीचे सरकार सर्व पक्षांचे सुरक्षाहित लक्षात घेऊन, वाजवी आणि जबाबदार पद्धतीने ठरवील. शब्दाची व्याख्या झाली नाही, पण व्याख्येचा अधिकार कोणाकडे हे निश्चित झाले.

काही संदिग्धता तशीच राहू द्यावी का?

होय, पण दोन्ही बाजूंच्या नोंदींत ती जाणूनबुजून ठेवल्याचे लिहिलेले असावे. आपल्या नौकांवर अण्वस्त्रे आहेत की नाहीत याला दुजोराही न देण्याचे आणि इन्कारही न करण्याचे अमेरिकेचे धोरण बऱ्याच मित्रराष्ट्रांनी निमूटपणे चालवून घेतले होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये न्यूझीलंडने ‘बुकॅनन’ या अमेरिकी विनाशिकेला प्रवेश नाकारला, कारण ती अण्वस्त्ररहित असल्याची खात्री न्यूझीलंडला मिळत नव्हती. १९८६ मध्ये अमेरिकेने न्यूझीलंडबाबतची आपली अँझस (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्या संरक्षण) कराराखालील सुरक्षाविषयक बांधिलकी स्थगित केली. न्यूझीलंडने विचारलेला प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तराची किंमत काय पडेल हे दोघांनाही आधीच माहीत होते.

दप्तर सांभाळण्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

सप्टेंबर १९४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे, रूझवेल्ट यांच्या घरी, रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अणुसंशोधनातील सहकार्याविषयी एका स्मरणटिपणावर सह्या केल्या. प्रकल्पाचे सांकेतिक नाव ‘ट्यूब अलॉइज’, म्हणजे शब्दशः ‘नळ्यांचे मिश्रधातू’, असे होते. रूझवेल्ट यांच्या निधनानंतर ब्रिटिशांनी या टिपणाचा हवाला दिला तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांना ते सापडेना, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटिशांना आपल्याकडील प्रतीची छायाप्रत पाठवावी लागली. मूळ अमेरिकी प्रत पुष्कळ वर्षांनी अध्यक्षांच्या नौदल सहायकाच्या कागदपत्रांत मिळाली. नावावरून कोणीतरी तो नौदलाच्या नळ्यांचा विषय समजून तिथे लावला असावा. गुप्तता इतकी कडेकोट होती, की कागद ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापासूनही तो सुरक्षित राहिला.

खुलासा मागितला आणि उत्तरच आले नाही तर?

मौनाला संमती समजू नये. १६ नोव्हेंबर १९४५ रोजी ट्रुमन, अ‍ॅटली आणि कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी अणुऊर्जेच्या क्षेत्रात ‘संपूर्ण आणि परिणामकारक सहकार्य’ राहील अशा छोट्या टिपणावर सह्या केल्या. ब्रिटनने त्याचा अर्थ कारखाने उभारण्याच्या तांत्रिक माहितीपर्यंत नेला. नवा गुप्त करार केल्यास तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम १०२ प्रमाणे नोंदवावा लागेल, म्हणजे तो गुप्त राहणार नाही, ही अडचणही मध्येच उपटली. एप्रिल १९४६ मध्ये ट्रुमन यांनी कळवले, की हे शब्द अतिशय सर्वसाधारण आहेत आणि दुसरा अणुकारखाना उभारण्यास साहाय्य करण्याचे बंधन त्यांतून निघत नाही. अ‍ॅटली यांनी ६ जून रोजी साऱ्या पूर्वेतिहासासह सविस्तर तार पाठवली. तिला उत्तर आले नाही. १ ऑगस्टला अमेरिकेच्या अणुऊर्जाविषयक मॅकमहॉन कायद्यावर सही होऊन परदेशांना माहिती देण्याचा मार्गच बंद झाला.

अशा वेळी एकदा स्मरणपत्र पाठवावे, आपली समजूत लेखी नोंदवून ठेवावी, आणि नियोजन मात्र उत्तर नकारार्थी आहे असे धरून करावे. ब्रिटनने तेच केले : जानेवारी १९४७ मध्ये निवडक मंत्र्यांच्या समितीने स्वतःचा बाँब बनवण्याचा निर्णय घेतला, आणि वर्षभराने, जानेवारी १९४८ मध्ये, नव्या तडजोडीत क्वेबेकचे संमतीचे कलम रद्द झाले.